एकच हार्प घ्यायची तर किती तारांची?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या एका ताईंना हार्प, म्हणजे उभ्या तारा बोटांनी छेडून वाजवायचं पाश्चात्त्य वाद्य, घ्यायची आहे. गाणं विशारदपर्यंत झालेलं, सूर काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. भाचा एडिंबरोला असतो, तो तिथून घेऊन पाठवेल. घरात वाद्य एकच येणार, पुढे 'आता मोठी घेऊ' असं होणार नाही. भाच्याने २२, २७, ३४ आणि ३८ तारांच्या लीव्हर हार्पचे फोटो पाठवलेत. शिवाय ओळखीतल्या कोणाची जुनी पेडल हार्पही (पायाने पेडल दाबून स्वर बदलायची, सगळ्यात मोठी) विकायची आहे. स्वतःच्या गाण्याला साथ करायची आणि जमलं तर पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून थोडं त्यांचंही वाजवायचं, एवढीच इच्छा. साइज कुठला घ्यावा?

ताई, उत्तर आधी सांगून टाकते: ३४. ते जिन्याने, पैशाने किंवा जागेने अगदीच जमणार नसेल तर २९-३० तारांची, पण एका अटीवर. ती अट कळली की बाकीचे आकडे पाहायची गरजच उरणार नाही.

हार्प विकणारे आणि घेणारे दोघेही तारा मोजतात. तारा मोजून काही समजत नाही. विचारायचं एवढंच, की सगळ्यात खालची, सगळ्यात जाड तार कोणत्या स्वराची आहे? वरच्या टोकाच्या चार-पाच तारा वीतभरही लांब नसतात. त्यांचा आवाज टिणकन येतो आणि विरतो. त्या नसल्या तर वर्षभर तुमच्या लक्षातही येणार नाही. खालची एक तार नसली तर पहिल्याच आठवड्यात हात तिथे जाईल आणि रिकामा परत येईल.

तुमच्याच सुरावर हिशेब मांडू. पियानोच्या मधोमध जी पांढरी एक असते, तिला मिडल सी म्हणतात. २६-२७ तारांच्या बहुतेक हार्प तिच्या एक सप्तक खालच्या पांढरी एकपर्यंत जातात आणि तिथे संपतात. ३४ तारांची हार्प त्याच्याही खाली आणखी एक पूर्ण सप्तक जाते. तुमचा षड्ज काळी चार, म्हणजे मिडल सीच्या लगेच खालची काळी चार. तुमच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्याही एक सप्तक खाली बोलते. आता २७ तारांची हार्प समोर धरा. तिच्यावर तुमचा मध्य षड्ज आहे, मंद्र पंचम आहे, त्याखाली जेमतेम दोन तारा, आणि मग लाकूड. खर्ज नाहीच. तुम्ही मंद्रात उतराल तेव्हा वाद्य तुमच्या वर वाजत राहील, आणि साथीच्या वाद्याने गाणाऱ्याच्या वर राहणं कानाला किती खटकतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ३४ तारांवर तुमचा खर्ज मिळतो, त्याच्याखालीही चार-पाच तारा शिल्लक राहतात.

२९-३० तारांसाठीची अट हीच. त्यातल्या काही हार्प खालच्या पांढरी पाचपर्यंत, म्हणजे पाश्चात्त्यांच्या जी पर्यंत उतरतात. तेवढं असेल तर तुमचं काम होतं, कसं ते पुढे सांगते. पण तीस तारा असून वाढीव तारा वरच्या बाजूला दिलेल्या असतील तर त्या तुमच्या उपयोगाच्या नाहीत. म्हणून म्हणते, आकडा पाहू नका.

आता मुद्दा लीव्हरचा. तो थोडा सविस्तर सांगते, कारण आपल्या गाणाऱ्यांना हार्पमध्ये खरी गंमत इथेच आहे आणि तिकडच्या पुस्तकांत ती सापडत नाही. लीव्हर हार्पमध्ये एका सप्तकाला सातच तारा. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला एक छोटा खटका असतो; तो वर केला की तार अर्ध्या स्वराने चढते. म्हणजे एका तारेवर दोनच स्वर, मोकळा आणि चढलेला. तिकडे नेहमीची पद्धत अशी, की सगळे लीव्हर खाली असताना हार्प ई फ्लॅट मेजरमध्ये लावायची. तशा लावलेल्या हार्पवर जी, म्हणजे पांढरी पाच, षड्ज धरा आणि एक एक तार वाजवून बघा. सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. सरळ भैरवी थाट (थाट म्हणजे रागांचा सात स्वरांचा साचा). आता रेचा लीव्हर वर करा, रे शुद्ध. ग, ध, नी तसेच. मचा वर केला की तीव्र. सा आणि प यांच्या लीव्हरला हात लावायचं कारणच नाही. कोमल-शुद्ध आणि शुद्ध-तीव्र अशी आपल्या सप्तकाची जी मांडणी, तीच या खटक्यांवर तंतोतंत बसते, आणि भातखंड्यांचे दहाच्या दहा थाट तार न पिळता, फक्त लीव्हर वर-खाली करून मिळतात. सा-प सोडून सगळे वर केले की कल्याण. त्यातला फक्त म खाली आणला की बिलावल. ग आणि नी वर, बाकी खाली, भैरव. म आणि नी वर, तोडी. बघा करून.

रंगांचंही सांगून ठेवते. हार्पच्या सगळ्या सी तारा लाल असतात आणि एफ तारा काळ्या किंवा गडद निळ्या. पांढरी पाचला सा धरलात तर लाल तार तुमचा मध्यम आणि काळी तार निषाद. काळीच्या शेजारची, तिच्यापेक्षा थोडी आखूड पांढरी तार म्हणजे षड्ज. नजर बसायला दोन-तीन आठवडे लागतात, मग बघावं लागत नाही.

तुमचा सूर मात्र काळी चार, अर्धा स्वर वर. अशा वेळी सगळी हार्प अर्ध्या स्वराने चढवायचा मोह होतो. ते करू नका. अर्धा स्वर चढवला की प्रत्येक तारेचा ताण साधारण १२ टक्क्यांनी वाढतो, आणि ३४ तारांचा मिळून तो वाढीव ताण ध्वनिफळीच्या चिकटवलेल्या सांध्यांवर येतो. वाटा दोन आहेत. एक, हार्पबरोबर पांढरी पाचला गायचं. अर्ध्या स्वराने गळ्याला काही होत नाही, उलट खर्ज खुलतो. दुसरी, सा शेजारच्या ए तारेवर घ्यायचा. ई फ्लॅटच्या लावणीत ती मोकळी असताना काळी चारच असते. मग प्रत्येक सप्तकातल्या पाच तारा, बी, सी, डी, एफ आणि जी, अर्धा अर्धा स्वर उतरवायच्या. ए आणि ई जिथल्या तिथे. असं केलं की काळी चारचा भैरवी थाट मोकळ्या तारांवर येतो आणि वरचा सगळा हिशेब तसाच्या तसा लागू होतो. तारा उतरवल्याने वाद्याला धोका नाही, आवाज किंचित सैल होतो इतकंच. फक्त दर मैफलीला हे वर-खाली करू नका. एक लावणी ठरवा आणि तीच ठेवा. सतत पिळलेली हार्प कधीच स्थिर होत नाही.

२९-३० तारांची हार्प पांढरी पाचपर्यंत उतरत असेल तर काम होतं म्हटलं ते याचसाठी. तिथे पहिली वाट धरलीत तर खर्जाचा सा ही तुमची सगळ्यात खालची तार होते. काठावर पास, पण पास.

यात काय होत नाही तेही ऐकून घ्या. मींड नाही. लीव्हर हळू फिरवून अर्ध्या स्वराची ओढ निघते, पण ती वेगळीच वाटते, तिला मींड म्हणू नये. देससारख्या रागात दोन्ही निषाद लागले की डाव्या हाताने लीव्हर फिरवत बसावं लागतं. संथ चालीत जमतं, द्रुतात फजिती होते. माझा सल्ला असा, की अशा ठिकाणी निषाद गळ्यावर सोडा आणि हार्पवर सा, रे, प इतकंच वाजवा. पेडल हार्पपेक्षा इथे लीव्हरवालीच बरी, कारण पेडल दाबला की त्या स्वराच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. लीव्हर प्रत्येक तारेला स्वतंत्र, म्हणून मंद्रात शुद्ध नी आणि मध्य सप्तकात कोमल नी अशी सोय ठेवता येते. ललितमध्ये दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लागतात, पण पंचम नसतो. म्हणून पंचमाची तार अर्धा स्वर उतरवा. तो झाला तीव्र मध्यम. सकाळच्या रियाजाला हे लावून बघा, फार सुरेख लागतं.

तंबोऱ्याची जागा हार्प घेईल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही घेणार. तिच्यात जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवरून येणारी ती झणझण, नाही. युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या काही हार्पना तारेच्या मुळाशी लाकडी खुंट्या असायच्या, त्या तारेला हलक्या टेकायच्या आणि प्रत्येक स्वर झणझणायचा. तो आवाज जवारीच्या जवळचा आहे. तशा खुंट्यांच्या हार्प आजही बनतात, पण एकुलतं एक वाद्य म्हणून घेऊ नका. तंबोरा किंवा तंबोऱ्याचं अॅप चालू ठेवा आणि त्यावर हार्प वाजवा. आणि नागपुरात कुणी 'अरे, हे तर मोठं स्वरमंडळ' म्हणालं तर हसून सोडून द्या. स्वरमंडळाच्या तारा पेटीच्या फळीवर आडव्या पसरलेल्या असतात, हार्पच्या फळीतून उभ्या वर निघतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दोन हात चालतात. खरं तर हे वाद्य आपल्याला परकं नाहीच. भाज्याच्या लेण्यात हार्प वाजवणारी आकृती कोरलेली आहे, समुद्रगुप्त त्याच्या नाण्यावर जी वीणा वाजवताना दिसतो ती धनुष्याकार हार्पच, आणि इथून उत्तरेला मंडला भागातल्या परधान गायकांकडे पाच तारांचा बिनबाजा आहे. तोही हार्पच्याच कुळातला.

आता भाच्याने पाठवलेल्या बाकीच्या पर्यायांकडे येते.

२२ तारांची घेऊ नका. ती दुसरं वाद्य म्हणून छान आहे, प्रवासात न्यायला, शाळेत दाखवायला, मुलांच्या हातात द्यायला. एकमेव वाद्य म्हणून सहा महिन्यांत संपते. डाव्या हाताला कामच उरत नाही. शिवाय लहान हार्पवर तारांमधलं अंतर आणि ताण दोन्ही बऱ्याचदा कमी असतात. बोटांना त्या ढिलेपणाची सवय लागली की पुढे मोठी वाजवताना सगळं नव्याने बसवावं लागतं.

२७ तारांचीबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलायचं आहे. सूर पांढरी एक किंवा काळी एक असलेल्या पुरुष गायकाची अडचण तिच्यावर तुमच्याहून मोठी, पण केवळ वाद्य वाजवायचं असेल, गायचं नसेल, तर २६-२७ तारांत आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोकधुनांचा मोठा साठा बसतो. तिकडच्या जुन्या धातूच्या तारांच्या हार्पना तरी कुठे चाळीस तारा होत्या! तीसच्या आगेमागेच असायच्या. वजन सहा-सात किलोच्या आसपास, खांद्याला अडकवली की जिना चढून जाता येतं, ऑटोत शेजारी उभी राहते. आणि आपल्या दृष्टीने तिचा मोठा गुण हा, की सतरंजीवर मांडी घालून वाजवता येते. ३४ तारांची हार्प साधारण माझ्या गळ्याइतकी उंच, तिला खुर्ची लागतेच. तुमच्या घरी बैठक खालीच असेल, तबलजी-पेटीवाले खाली बसत असतील, तर तुम्ही एकट्या खुर्चीवर, हे चालेल का याचा विचार आधी करा. आमच्याकडे एका घरगुती कार्यक्रमात गायिका खुर्चीवर आणि बाकी सगळे खाली म्हणून आजीबाईंनी भुवया उंचावल्या होत्या. खुर्ची अजिबातच नको असेल तर २९-३० तारांच्या, पाय काढता येणाऱ्या हार्पकडे वळा.

एक सावधगिरी. लहान अंगाच्या हार्पवर तारा खाली वाढवून 'रेंज मोठी' म्हणून विकतात. खालच्या स्वराला लांबी लागते आणि फळीला रुंदी लागते. ती नसली की तार जाड करून वेळ मारून नेतात, आणि मग खर्ज घुमत नाही, थपथपतो. म्हणून भाच्याला दुकानात फोनवर रेकॉर्ड करायला सांगा: सगळ्यात खालच्या चार तारा, एकेक, पूर्ण विरेपर्यंत. शेजारच्या दोन तारांत स्वराचा फरक स्पष्ट ऐकू आला पाहिजे. नुसता 'धप' आला तर ती हार्प कितीही तारांची असो, तुमची नाही.

३८ तारांची ३४ पेक्षा तुमच्यासाठी फारशी वेगळी नाही. खाली दोन तारा, वर दोन तारा. वजन, पेटीचा आकार आणि भाडं मात्र वाढतं. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही परीक्षा मंडळांत पेडल नसलेल्या हार्पचा अभ्यासक्रम आहे. आज छापून येणारं लीव्हर हार्पचं बहुतेक संगीत ३४ तारा गृहीत धरूनच लिहिलेलं असतं. तेव्हा स्वरलिपीची हौस पुढे वाढली तरी ३४ तारांवर अडायचं कारण नाही.

पेडल हार्प: ४७ तारा, सात पेडल, उंची सहा फुटांच्या पुढे, वजन ३५ ते ४० किलो. तिसऱ्या मजल्यावर एकदा चढवाल, उतरवणार कोण? तिची यंत्रणा ठरावीक वर्षांनी जाणकाराकडून जुळवून घ्यावी लागते, आणि असा माणूस नागपुरात बोलावणं म्हणजे वाद्याच्या किमतीशी स्पर्धा. फुकट मिळाली तरी नको म्हणा.

आता नागपूर. साइजच्या प्रश्नात हवा कशाला, असं वाटेल. पण फळी जितकी मोठी, तितकी हवेची तिच्यावर सत्ता जास्त. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही बातमीसुद्धा होत नाही, आणि त्या उन्हात हवा इतकी कोरडी असते की लाकडातलं पाणी ओढून घेते. दुपारी आपण कूलर लावतो. त्याच खोलीत तासाभरात हवा दमट. रात्री कूलर बंद, पुन्हा कोरडी. मग मृग लागतो आणि चार महिने सगळंच ओलं. पुण्या-मुंबईकडे हवा हळूहळू बदलते, आपल्याकडे एका दिवसात दोनदा बदलते. लाकडाला उष्णतेपेक्षा हा हेलकावा मारतो. कूलर लावल्यावर अर्ध्या तासात ३४ च्या ३४ तारा हललेल्या असतात, आणि त्याही सारख्या नाहीत. मधल्या जास्त, टोकाच्या कमी.

म्हणून तीन गोष्टी. पहिली, फळी अखंड स्प्रूसची असेल तर आवाज अप्रतिम, पण आपल्याकडे तिला जपावं लागतं. एकच हार्प घ्यायची आणि ती नागपुरात राहणार, तर मी थर जोडून केलेल्या, वर पातळ लाकडी पापुद्रा चढवलेल्या फळीच्या बाजूने आहे. आवाज थोडा कमी खुलतो, पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, चीर जात नाही. दुसरी, तारा नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या घ्या. आतड्याच्या तारांचा आवाज गोड असतो हे खरं, पण दमट-कोरड्याच्या खेळात त्याच आधी तुटतात, आणि त्या इथे मिळत नाहीत. तिसरी, हार्प हॉलमध्ये कूलरच्या झोतात ठेवू नका. आतली खोली, बाहेरच्या भिंतीपासून दूर, उन्हाची तिरीप येत नाही असा कोपरा. शेजारी आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. पाचशे-सातशे रुपयांत मिळतं. काटा ४० ते ६० च्या मध्ये राहिला तर उत्तम. उन्हाळ्यात तो २० च्या खाली जाताना दिसला की खोलीत पाण्याचं रुंद तोंडाचं भांडं किंवा ओला पंचा ठेवा, हार्पला लागून नव्हे. गाडीच्या डिकीत तर मार्च ते जून पाच मिनिटंही ठेवू नका. तिथल्या उन्हात सरस मऊ पडतो.

फळी वर्षभरात मध्यभागी किंचित फुगलेली दिसेल. घाबरू नका, तारांच्या ओढीने प्रत्येक हार्पची फळी थोडी पोट काढते. चीर किंवा खालच्या सांध्यात फट दिसली तर मात्र तारा लगेच सैल करा आणि मग कोणाला तरी दाखवा.

तारा तुटणार, हे गृहीत धरा. हार्पबरोबरच तारांचा एक पूर्ण संच मागवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या मॉडेलचा तारांचा तक्ता: कोणती तार किती जाड, कशाची. तो नसला की पुढची दहा वर्षं अंदाजाने चालवावं लागतं. वरच्या बारीक नायलॉन तारांची अडचण भागते. तक्त्यातल्या जाडीची मासेमारीची नायलॉन दोरी तात्पुरती चालते, फक्त जाडी कॅलिपरने मोजून घ्या. खालच्या, वर तांब्या-पितळेची तार गुंडाळलेल्या तारांना इथे पर्याय नाही. त्या जपून ठेवा, घामट हातांनी धरू नका. नवी तार बसवताना मागच्या भोकातून आत हात घालून फळीच्या छिद्रातून तार वर ओढायची असते आणि गाठ आत अडकवायची असते. लहान हार्पच्या मागची भोकं इतकी अरुंद असतात की मनगट जात नाही. ३४ तारांचीत हात सहज जातो. अगदी बारीकसा फायदा, पण रात्री कार्यक्रमाच्या आधी तार तुटली की तो किती मोठा वाटतो!

आणायची कशी? विमानात सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. ३४ काय, २७ तारांचीही पेटी त्यात बसत नाही. म्हणजे 'मावशी, येताना घेऊन येतो' हे २२ तारांच्याच बाबतीत खरं. बाकी सगळ्या जादा आकाराचं सामान म्हणून किंवा मालवाहतुकीने येणार, त्यावर सीमाशुल्क लागणार. चांगली ३४ तारांची हार्प आजच्या भावाने लाख-दीड लाखाच्या पुढेच आहे, वरचा खर्च वेगळा, तेव्हा बजेट वाद्याच्या किमतीवर बांधू नका. मुंबईला उतरून विदर्भ एक्सप्रेसने आणायचा विचार असेल तर लगेज व्हॅनमध्ये देऊ नका. २९-३० तारांची मऊ खोळीत घालून डब्यात वरच्या बर्थवर झोपवून येते, ३४ तारांची कोणाच्या तरी मोठ्या गाडीने आणावी.

ऑनलाइन पाच आकडी किमतीत शिसमच्या, कोरीव कामाच्या, २२ ते ३६ तारांच्या हार्प दिसतील. दिसायला देखण्या, दिवाणखान्यात शोभतील. त्यातल्या पुष्कळांची फळी इतकी जाड असते की आवाज आतच राहतो, आणि लीव्हर वर केला की स्वर अर्ध्याऐवजी पाव किंवा पाऊण चढतो. लीव्हर बिनचूक नसेल तर वर सांगितलेला थाटांचा सगळा डाव फसतो. अशी ३६ तारांची घेण्यापेक्षा चांगल्या लीव्हरची २७ तारांची शंभरदा घ्यावी.

तेव्हा भाच्याला दुकानात पाठवताना एवढं सांगा. लीव्हर प्रत्येक तारेला हवेत. काही हार्पवर फक्त सी आणि एफला असतात, त्या नकोत. ट्यूनर लावून प्रत्येक लीव्हर वर-खाली करून बघायचा, मोकळा स्वर आणि चढलेला स्वर यात बरोबर अर्धा स्वर हवा, आणि लीव्हर लावल्यावर तार झणझणता कामा नये. समोरून डोळा लावून मान, म्हणजे खुंट्या बसवलेली वरची वळणदार पट्टी, बघायची. मान एका बाजूला पिळलेली असेल तर तिथूनच परत. मग स्वतः खुर्चीवर बसून हार्प उजव्या खांद्यावर टेकवायची. हात सोडले तरी ती जिथल्या तिथे तोलून राहिली पाहिजे. खांद्यावर भार येत असेल किंवा पुढे पडत असेल तर उंची जमत नाही. तुमची उंची भाच्यापेक्षा कमी असेल, तेव्हा जमिनीपासून तुमच्या खांद्यापर्यंतचं, खुर्चीवर बसून घेतलेलं माप त्याला कळवा. ३४ तारांच्या हार्पमध्येही दोन-तीन इंचांचा फरक असतो, तो पायांनी किंवा खुर्चीने भरून निघतो, पण आधी कळलेला बरा.

पहिले दीड-दोन महिने रोज लावावी लागेल. नव्या तारा ताणत राहतात, आज लावलेली उद्या उतरलेली. सुरुवातीला अर्धा तास जाईल, मग दहा-पंधरा मिनिटांवर येईल. किल्ली खुंटीवर पूर्ण बसवून अगदी थोडी थोडी फिरवायची, मनगटाने, कोपराने नव्हे. वाजवताना करंगळी वापरत नाहीत, अंगठ्यासह चारच बोटं, आणि तार छेडल्यावर बोट तळहातात मिटायचं. हे पहिल्या दिवसापासून नीट बसवा. सतारीची किंवा गिटारची सवय असलेल्यांची बोटं वर उडतात आणि मग आवाज पातळ येतो.

मागवायची वेळ दसऱ्यानंतरची धरा. दिवाळीच्या आसपास हार्प हाती आली की पुढचे चार महिने हवा त्यातल्या त्यात सरळ असते, तारा त्या काळात बसतात आणि होळीनंतरच्या कोरड्या उन्हाला वाद्य तयार होऊन सामोरं जातं. एप्रिल-मेमध्ये स्कॉटलंडच्या दमट थंडीतून थेट नागपुरात आलेली हार्प पेटीतून लगेच बाहेर काढू नका. दोन दिवस खोका बंदच ठेवा, मग झाकण उघडून एक दिवस, आणि त्यानंतरच तारा सुरात चढवा.